गाळात तांबे १५०, शिसे २०: चिंता कशाची करायची?

कराड-सांगली पट्ट्यात कृष्णेच्या काठावरचा गाळ तपासायला दिला आणि अहवालात दर किलोला तांबे १५० मिलिग्रॅम आणि शिसे २० मिलिग्रॅम आले, असे समजा. अशा आकड्यांशेजारी बहुतेक वेळा 'सरासरी शेल'चा तक्ता ठेवला जातो. शेल म्हणजे चिखल दबून, घट्ट होऊन झालेला खडक. जगभरच्या शेलची सरासरी १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही ती तुलनेसाठी सर्रास वापरतात. त्या तक्त्यात तांबे ४५ आहे आणि शिसे २०. म्हणजे आपले तांबे तिपटीहून जास्त, शिसे सरासरीइतके. निष्कर्ष निघतो की नदीत तांब्याचे प्रदूषण आहे आणि शिशाची काळजी नाही.

दख्खनच्या दगडावरून वाहणाऱ्या नदीसाठी हा निष्कर्ष बहुधा दोन्ही बाजूंनी चुकतो. ते तांबे डोंगरातूनच आलेले असते. शिसे मात्र माणसाने आणून टाकलेले असण्याची शक्यता जास्त. हे असे का होते, आणि असा अहवाल नीट वाचायचा कसा, ते पाहू.

दगडापासून सुरुवात

महाराष्ट्राचा मोठा भाग ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे, तो बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. हा लाव्हा पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणातून आला, त्यामुळे त्याची घडण ग्रॅनाइटसारख्या खडकांहून फार वेगळी आहे. लोह आणि मॅग्नेशियम ज्या खनिजांत बसतात, त्यांत कोबाल्ट, निकेल, व्हॅनेडियम ही मूलद्रव्येही सहज बसतात. व्हॅनेडियम विशेषकरून मॅग्नेटाइट या चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजात जाते. तांब्याला या खनिजांत फारशी जागा मिळत नाही. ते शेवटपर्यंत वितळलेल्या रसात राहते आणि लाव्हा थिजताना स्फटिक न होता राहिलेल्या काचेसारख्या भागात किंवा गंधकाबरोबरच्या बारीक कणांत अडकते. शिसे, थोरियम, युरेनियम यांचे उलट आहे. ती ग्रॅनाइटी कवचात साठतात, बेसाल्टमध्ये थोडीच येतात.

म्हणून दख्खनच्या बेसाल्टमध्ये किलोमागे तांबे साधारण १०० ते २५० मिलिग्रॅम, व्हॅनेडियम ३०० ते ४००, जस्त शंभराच्या आसपास आणि शिसे बहुतेक वेळा एक अंकी सापडते. हे आकडे थरागणिक बदलतात. आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला चढताना एकावर एक पडलेले लाव्हाचे जे थर दिसतात, त्यांची रासायनिक ओळख वेगवेगळी आहे; क्रोमियम आणि निकेल तर फारच खालीवर होतात.

आता आणखी एक तक्ता घ्या. गोड्या पाण्यातल्या गाळासाठी २००० साली मांडलेल्या मर्यादा आपल्याकडच्या अनेक अभ्यासांत वापरलेल्या दिसतात. ज्या पातळीच्या वर जलचरांना इजा होण्याची दाट शक्यता धरली जाते, ती त्यात तांब्यासाठी १४९, क्रोमियमसाठी १११ आणि निकेलसाठी ४८.६ मिलिग्रॅम आहे. या मर्यादा मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या गाळांवरून काढलेल्या आहेत. सह्याद्रीतला, एकही कारखाना न पाहिलेला दगड नुसता कुटून तपासला तरी तो यातली एखादी मर्यादा ओलांडू शकतो. मर्यादा चूक आहे असे म्हणायचे नाही. पण दगडाच्या स्फटिकात बंद असलेले तांबे आणि सांडपाण्यातून येऊन गाळाला चिकटलेले तांबे यांत ती फरक करत नाही, हे वापरणाऱ्याने लक्षात ठेवायला हवे.

महाराष्ट्र म्हणजे सगळा बेसाल्ट, असेही नाही. भंडाऱ्याकडे वैनगंगेच्या खोऱ्यात प्राचीन पट्टिताश्म (नाइस खडक) आणि मँगनीजची खनिजे आहेत, कणकवलीच्या बाजूला क्रोमाइट हे क्रोमियमचे खनिज आहे, गोव्यात मांडवी-जुवारीच्या पाणलोटात लोह आणि मँगनीजचे साठे आहेत. कृष्णेसाठी काढलेली मूळ पातळी, म्हणजे माणसाने भर घालण्याआधीची नैसर्गिक पातळी, तिथे लावली, तर शेलच्या तक्त्याने होते तीच चूक पुन्हा होईल.

डोंगरावर जांभा, खाली काळी माती

उष्ण आणि ओल्या हवेत दगड कुजतो. बेसाल्टची काच आणि ऑलिव्हिन आधी जातात, मग फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन, आणि इल्मेनाइट-मॅग्नेटाइटसारखी चिवट खनिजे शेवटपर्यंत टिकतात. रस्त्याच्या कापात गोल धोंड्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले दिसतात, तो या कुजण्याचा मधला टप्पा. त्याच्या पुढे मुरूम, आणि मुरमाच्या पुढे माती.

माती कोणती होणार हे पाऊस ठरवतो. महाबळेश्वरला वर्षाला ६,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पाण्याने कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम आणि हळूहळू सिलिकाही धुऊन जाते. लोह, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम मागे राहतात. हाच जांभा. क्रोमियम आणि व्हॅनेडियम लोहाच्या संगतीने त्यातच राहतात आणि बाकीचा ऐवज निघून गेल्यामुळे किलोमागचा त्यांचा आकडा मूळ दगडाहूनही वर जातो. कोणी काही न टाकता वाढलेला हा आकडा आहे.

घाटमाथा सोडून पूर्वेला गेले की पाऊस झपाट्याने उतरतो आणि माणदेशात तो ५०० मिलिमीटरच्या घरात येतो. इथे कॅल्शियम निघून जात नाही. फुगणारी, भेगाळणारी स्मेक्टाइट चिकणमाती बनते, मातीत चुनखडीचे खडे सापडतात आणि सामू (पीएच) ८ च्या आसपास राहतो. अशा मातीत तांबे आणि जस्त भरपूर असते, पण पाण्यात उतरत नाही. एकच कृष्णा या दोन्ही प्रकारच्या माती पोटात घेऊन वाहते. म्हणूनच वाईच्या वरचा गाळ आणि सांगलीचा गाळ यांत फरक दिसला, की मधल्या शहरांवर लगेच बोट ठेवू नये. आधी माती किती बदलली ते पाहावे.

गाळात मूलद्रव्ये बसतात कुठे

चिकणमातीचे कण, लोहाचे तांबूस लेप, मँगनीजचे काळे लेप, सेंद्रिय पदार्थ, चुनखडी आणि न कुजलेली मूळ खनिजे ही त्यांची घरे. यांतल्या मँगनीजकडे आपले लक्ष कमी जाते. ओढ्यातल्या गोट्यांवर जो काळपट चकचकीत लेप असतो, त्यात बऱ्याचदा मँगनीजची ऑक्साइडे असतात. ती कोबाल्ट, शिसे, निकेल पाण्यातून ओढून घेतात आणि धरून ठेवतात.

धरून ठेवतात, पण प्राणवायू असेतोवरच. उन्हाळ्यात खोल धरणात वरचे पाणी तापते, तळाचे थंड राहते आणि दोन्ही मिसळेनासे होतात. तळाचा प्राणवायू सूक्ष्मजीव संपवतात. मग मँगनीज विरघळते, त्याच्यामागून काही प्रमाणात लोह, आणि त्यांनी धरलेली मूलद्रव्येही सुटतात. अशा वेळी तळाच्या दारातून सोडलेले पाणी हवेशी गाठ पडल्यावर पिवळसर-तपकिरी होते आणि नळाच्या पाण्याचे डाग कपड्यांवर पडतात. गाळाच्या एकूण आकड्यात या घडामोडीचा मागमूस दिसत नाही.

मूळ खनिजांचा हिस्सा समजून घ्यायला एक सोपा प्रयोग आहे. कृष्णेची वाळू कोरडी करून कागदावर पसरा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक तिच्यावरून फिरवा. काळे कण झुंबडीने चिकटतील. ते टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट, व्हॅनेडियमचे घर. 'कण जितका बारीक तितकी मूलद्रव्ये जास्त' हा नियम तांबे, जस्त, शिसे यांना बहुधा लागू पडतो. व्हॅनेडियम आणि क्रोमियम मात्र या जड काळ्या वाळूमुळे तो मोडू शकतात.

नमुना घेताना बिघडते ते पुढे दुरुस्त होत नाही

बरेच चुकीचे निष्कर्ष नदीकाठीच जन्माला येतात. पावसाळ्यात काही मोजके पूर वर्षाचा बहुतेक गाळ वाहून नेतात. जूनचा पहिला लोंढा रस्ते, गटारे, शेते धुऊन आणतो. मेमध्ये डोहात साचलेला गाळ वेगळा असतो. दोन वर्षांची तुलना करायची तर हंगाम तोच ठेवा. पूर ओसरल्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ताजा बारीक गाळ काठाला सहज मिळतो.

जागा संथ पाण्याची निवडावी: वळणाची आतली बाजू, डोहाचा काठ. साधारण ५० मीटरच्या टापूत पाच ठिकाणांहून वरचा दोन-तीन सेंटिमीटर थर प्लॅस्टिकच्या चमच्याने काढून एकत्र करावा. घाटाच्या पायऱ्यांजवळ निर्माल्य आणि मूर्ती विसर्जित होतात. विसर्जनाचाच परिणाम तपासायचा नसेल, तर ती जागा टाळावी.

जस्ताचा मुलामा असलेली बादली, लोखंडी घमेले, रबराचे हातमोजे यांपैकी काहीही वापरू नये. रबरात झिंक ऑक्साइड असते. आणि पितळी चाळण तर कधीच नको. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ज्या दोन मूलद्रव्यांसाठी एवढा खटाटोप केला, तीच चाळण्यातून नमुन्यात मिसळतात. ६३ मायक्रॉनची नायलॉनची जाळी घ्यावी आणि त्याखालचाच भाग तपासावा. वाळू आणि गाळ यांचे प्रमाण जागोजागी बदलते. हा एक धागा बांधला नाही, तर दोन गावांतला फरक हा निव्वळ वाळूचा फरक निघतो. नमुना ४० अंश सेल्सियसच्या वर तापवू नये, नाहीतर पारा उडून जातो.

नदीच्या नमुन्याइतकाच महत्त्वाचा दुसरा नमुना म्हणजे मूळ पातळीचा. वस्तीच्या वरच्या ओढ्यातला गाळ घेण्याची पद्धत आहे, पण जांभ्यावरचा ओढा काळ्या मातीच्या नदीला माप म्हणून चालत नाही. नदीकाठच्या जुन्या गाळमातीत नवी विहीर खणली जात असेल, तर दीड-दोन मीटर खालचा थर काढून ठेवावा. कारखाने आणि मोटारी येण्याच्या आधी याच नदीने, याच पाणलोटातून तो आणलेला असतो. एवढे योग्य माप दुसऱ्या कशातून मिळणे कठीण. फक्त त्या थराचे कण आजच्या गाळाइतके बारीक आहेत ना, हे पाहून घ्यावे.

प्रयोगशाळेला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न: नमुना विरघळवला कशात? तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल, म्हणजे अम्लराज, सिलिकेट खनिजे पूर्ण विरघळवत नाही. क्रोमाइट तर त्याला दाद देत नाही. त्यामुळे क्रोमियमचा आकडा खऱ्याहून बराच कमी येऊ शकतो. शेलचा तक्ता खडकातल्या एकूण प्रमाणाचा आहे. अम्लराजाने काढलेला आकडा त्याच्याशी ताडणे म्हणजे मापटे बदलून हिशेब करणे. पूर्ण विरघळवायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते. ते हाडापर्यंत इजा करते, म्हणून सज्ज प्रयोगशाळेबाहेर त्याला हात लावू नये.

दुसरा प्रश्न: ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे, असा नमुना सोबत तपासला का? बेसाल्टसाठी अमेरिकी भूसर्वेक्षणाची 'बीएचव्हीओ-२' ही हवाई बेटांवरच्या दगडाची पूड जगभर वापरतात. तिच्यात तांबे किलोला १२७ मिलिग्रॅम आहे. प्रयोगशाळेचा आकडा ११५ ते १४० मध्ये आला तर पुढे बोलता येते. ९० आला तर तुमचे १५०ही खरे नाहीत.

तिसरा प्रश्न अर्सेनिकचा. आयसीपी-एमएस यंत्र अणूंना वस्तुमानाने ओळखते. अर्सेनिकचे वस्तुमान ७५. यंत्रातला आर्गॉन (४०) आणि आम्लातला क्लोरीन (३५) जोडी जमवून तेही ७५ होतात. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले आणि यंत्रातली टक्कर-कक्षा (अशा जोड्या गाळून काढणारा भाग) चालू नसेल, तर नसलेले अर्सेनिक अहवालात उमटते.

आता हिशेब

गाळ किती प्रदूषित आहे हे सांगणारा भूसंचय निर्देशांक काढायला नमुन्याचा आकडा मूळ पातळीच्या दीडपटीने भागायचा आणि उत्तराचा २ या पायावरचा लॉगॅरिदम घ्यायचा. उत्तर शून्याखाली आले तर प्रदूषण नाही. १ ते २ मध्ये आले तर मध्यम.

शेल वापरून तांबे: १५० भागिले ६७.५, लॉग १.१५, मध्यम प्रदूषण. शिसे: २० भागिले ३०, लॉग उणे ०.५८, स्वच्छ. आता विहिरीतल्या जुन्या थरात तांबे १३० आणि शिसे ५ मिळाले असे धरू. तांबे: १५० भागिले १९५, उणे ०.३८, स्वच्छ. शिसे: २० भागिले ७.५, लॉग १.४२, मध्यम प्रदूषण. नमुना तोच, आकडे तेच. फक्त माप बदलले आणि दोषी बदलला.

ॲल्युमिनियमशी भागून आणखी एक खात्री करता येते. चिकणमाती वाढली की ॲल्युमिनियमही वाढते, त्यामुळे कणांच्या आकाराचा परिणाम बराचसा निघून जातो. ताज्या गाळात ॲल्युमिनियम ८.५ टक्के आणि जुन्या थरात ७ टक्के असेल, तर तांब्याचे गुणोत्तर ०.९५ येते, शिशाचे ३.३. तांबे जागच्या जागी आहे, शिसे तिपटीहून वर गेले आहे. जांभ्याच्या प्रदेशात ही युक्ती जपून वापरावी, कारण तिथे ॲल्युमिनियमच साठून राहिलेले असते. भाजक फुगला की सगळेच निर्दोष दिसते.

हे जादाचे शिसे कुठून येते? देशात फेब्रुवारी २००० पर्यंत शिसेयुक्त पेट्रोल विकले जात होते आणि त्याचे शिसे रस्त्याकडेच्या मातीतून अजून नदीत उतरते. घरगुती रंगांतल्या शिशावर किलोला ९० मिलिग्रॅमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाली. त्याआधीचे रंग भिंतींवरून आजही सोलतात. जुन्या बॅटऱ्या फोडण्याची ठिकाणे हा तिसरा आणि सर्वांत तीव्र उगम. त्याच्या आसपास आकडा २० वर थांबत नाही.

एकूण किती आणि मिळते किती

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून तलावांचा गाळ मोठ्या प्रमाणावर शेतात जातो. एका हेक्टरवर ५ सेंटिमीटर गाळ पसरला तर सुमारे ५०० घनमीटर, म्हणजे अंदाजे ६०० टन. किलोला १०० मिलिग्रॅम जस्त धरले तर या गाळातून ६० किलो जस्त शेतात आले. जस्ताची कमतरता असलेल्या शेतात आपण हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट टाकतो. त्यात जस्त फक्त ५ किलोच्या आसपास. तरीही ६० किलो जस्त आणणाऱ्या गाळावरच्या पिकात जस्ताची कमतरता दिसू शकते आणि ५ किलोने ती जाते. गाळातले जस्त खनिजांच्या आत कोंडलेले असते आणि चुनखडीच्या जमिनीत मुळांना मिळत नाही. लोहाचेही तसेच: काळ्या मातीत काही टक्के लोह असूनही उसावर आणि भुईमुगावर केवडा पडतो, म्हणजे पाने पिवळी पडतात.

म्हणून शेतासाठी डीटीपीए चाचणी पाहायची. पिकाला मिळू शकणारा भाग ती दाखवते. १० ग्रॅम माती २० मिलिलिटर द्रावणात दोन तास हलवून जेवढे सुटते, तेवढेच मोजतात. जस्त ०.६ मिलिग्रॅमच्या खाली, लोह ४.५ च्या खाली आले तर कमतरता. शंभरच्या एकूण साठ्यातून पिकाच्या वाट्याला एवढेसेच येते.

द्राक्षबागांत आणि सुपारीच्या बागांत प्रश्न उलटा आहे. एक टक्का बोर्डो मिश्रणात १०० लिटरला १ किलो मोरचूद, त्यात सुमारे २५५ ग्रॅम तांबे. हेक्टरी १,००० लिटर फवारले की अडीच किलो. वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन हेक्टरी सुमारे २२ लाख किलो, म्हणजे एका फवारणीने किलोमागे १.१ मिलिग्रॅम. वर्षाला चार फवारण्या, २० वर्षे, आणि सगळे जागेवर राहिले तर ९० मिलिग्रॅमच्या आसपास. बेसाल्टच्या मातीत एवढी वाढ एकूण आकड्यात लपून जाते, कारण शेजारच्या पडीक रानातही सव्वाशे-दीडशे असतेच. डीटीपीएमध्ये मात्र ती उघडी पडते, कारण फवाऱ्याचे तांबे मातीला वरवर चिकटलेले असते. बागेचा आणि बांधापलीकडच्या पडीक जमिनीचा नमुना एकाच दिवशी, एकाच प्रयोगशाळेत द्यावा. जांभ्याच्या आम्ल मातीत हे तांबे अधिक मोकळे राहते, तेव्हा कोकणातल्या आणि गोव्यातल्या बागांनी हे आधी करावे.

तलावाचा गाळ उचलण्यापूर्वी पाणलोटात शहर, औद्योगिक वसाहत किंवा बॅटरी-मुलाम्याचे उद्योग आहेत का, ते पाहावे. असतील तर शिसे, कॅडमियम, क्रोमियम आणि जस्त तपासूनच गाळ घ्यावा, आणि जवळच्या शेतातली माती तुलनेसाठी सोबत द्यावी. नसतील तर सामू, क्षारता आणि मुक्त चुना यांची तपासणी जास्त उपयोगी पडते. काळा-निळसर, वास मारणारा ओला गाळ लगेच मातीत मिसळू नये. त्यात प्राणवायू नसतो आणि मँगनीज-लोह विरघळलेल्या रूपात असतात. पातळ पसरून, ऊन देऊन, वास पूर्ण गेल्यावर आणि रंग तपकिरीकडे झुकल्यावर तो नांगरून घ्यावा.